चौतीस पाठकोऱ्या मतपत्रिका

प्रिय दांडगे,

आधी हे सांगून टाकते की मी आजारी नव्हते. तू दोनदा येऊन गेलीस आणि दोन्ही वेळा माझ्या लेकीनं तुला दारातूनच "आईला बरं नाही" म्हणून परत पाठवलं. तिला ते मी पढवलं होतं. दुसऱ्या खेपेला तू गोळ्यांची पुडी देऊन गेलीस, वर तुझ्या त्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं, दिवसातून दोनदा, जेवल्यावर. एकोणीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईला कुणी आजारी आहे म्हटल्यावर दुसरं काही सुचत नाही. ती पुडी अजून फडताळात तशीच आहे. उघडायचं धाडस झालं नाही.

शिक्षकांच्या खोलीत बसून लिहिते आहे. सकाळची शाळा सुटलीय, दुपारची भरायची आहे. तुला आठवतं का, पाचवीत रस्सीखेचीच्या वेळी समोरच्या तिघींना तू एकटीनं ओढत आणलंस आणि कवायतीच्या बाईंनी तुझं नाव दांडगी ठेवलं? माझी वही मात्र त्या वर्गावर्गातून दाखवायला न्यायच्या. एकही खाडाखोड नाही, बघा. तू मागच्या बाकावरून म्हणायचीस, हिला लाल शाई दिसली की ताप येतो. सगळ्या हसायच्या, मीही हसायचे. पण ते खरं होतं. अजूनही खरं आहे.

तू निवडणुकीला उभी राहिलीस तेव्हा मला धडकीच भरली होती. दवाखाना बंद करून मोठ्या रुग्णालयात मिळवून टाकणार अशी नोटीस लागली, आणि नोकरीत राहून उभं राहता येत नाही हे कळल्यावर तू त्याच दुपारी राजीनामा लिहून दिलास. लोक तुला वेड्यात काढत होते. नगरसेविका होऊन करणार काय, असं तोंडावर विचारत होते. तू त्यांना एक पुठ्ठा दाखवायचीस. त्यावर दोन रकाने, कुठलं काम कुणाचं. "रस्त्यावरचा दिवा नगरपालिकेचा. गटार नगरपालिकेचं. हा दवाखाना नगरपालिकेचा. मंत्र्याच्या दारात कशाला उभं राहता, त्याला तुमचं गटार कुठून कुठं जातं हे तरी ठाऊक आहे का? ते ज्याला ठाऊक आहे, त्याला निवडायची ही निवडणूक आहे." मी वीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवते, पण मला ते इतकं सोपं करून कधी सांगता आलं नाही.

तुझ्या स्वयंपाकघरात वर्तमानपत्राच्या मतपत्रिका कापून शिकवणी चालायची. शिक्का एकाच चौकोनात, उभी घडी आधी, आडवी मागून, म्हणजे शाई दुसऱ्या नावावर उमटत नाही. तुझी भावजय मुद्दाम दोन्ही चौकोनांत शिक्का मारायची आणि म्हणायची, "वन्सं, मला दोघंही आवडतात, मी काय करू?" आणि धाकटा, तुझा भाऊ, दारात बसून नावांच्या याद्या तपासायचा. सातवीत माझ्या वर्गात होता तेव्हाही असाच, ओठ आवळून बेरजा करायचा.

मला केंद्राध्यक्षाचा आदेश आला तो नेमका तुझ्याच प्रभागातला, वाचनालयाच्या हॉलमधला. मी प्रशिक्षणात सांगितलं की उमेदवार माझी मैत्रीण आहे. तिथला माणूस अर्ज उलटापालटा करून म्हणाला, "नातेवाइकांचा रकाना आहे, मैत्रिणींचा नाही, बाई." तुला सांगितलं तर तू पोट धरून हसलीस. मग गंभीर होऊन म्हणालीस, आता जीव भांड्यात पडला, बाकी कुठं काय होईल ते होवो, तुझ्या केंद्रावर पान इकडचं तिकडं व्हायचं नाही.

प्रशिक्षणात एक गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली. मतपत्रिकेच्या पाठीवर केंद्राध्यक्षाची पूर्ण सही हवी. सही नसेल तर ती मतपत्रिका नाही, नुसता कागद. आणि सगळ्या पुस्तकांवर सकाळीच सह्या करून ठेवायच्या नाहीत, उरलेल्यांचा गैरवापर होतो. लागेल तसं करायचं. मी पन्नास पत्रिकांचं एक पुस्तक सही करून माझ्या मदतीला दिलेल्या पाणीखात्याच्या कारकुनाकडे द्यायचे, ते संपत आलं की पुढचं. तो पत्रिका फाडून मतदाराच्या हातात द्यायचा. पुस्तकांची कपाटं चादरींनी झाकलेली, त्यांच्यापुढे आमची टेबलं, भिंतीलगतच्या बाकावर उमेदवारांचे प्रतिनिधी. तुझ्या वतीनं धाकटा, त्याच्या शेजारी सिमेंटवाल्याचा भाचा. सिमेंटवाला तुझ्याविरुद्ध उभा होता तरी सकाळी ते दोघं एकाच वर्तमानपत्राची दोन पानं वाटून घेऊन वाचत होते.

अडीचला पॅकिंगच्या कारखान्याची पाळी सुटली आणि बायकांची रांग फाटकापर्यंत गेली. त्याच वेळी घड्याळजी आजोबा आले, सुनेचा हात धरून. त्यांना आता अजिबात दिसत नाही. अशा मतदाराला सोबती आत नेता येतो, पण एका सोबत्याला दिवसात एकदाच. भाचा उठून उभा राहिला, ही सकाळी सासूला घेऊन आत गेली होती म्हणाला. धाकटा म्हणाला, ती नुसता हात धरून दारापर्यंत आली होती, आत सासू एकटी गेली. "तू तेव्हा चहा प्यायला गेला होतास." "तू माझ्या चहावर नजर ठेवून होतास का?" असं वाढत गेलं. आजोबा मध्ये काठीवर दोन्ही हात ठेवून उभे. ते म्हणाले, "मला शिक्का आणि चौकोन हातानं दाखवा, बाकी मी बघतो. मी जन्मभर डोळ्यांपेक्षा बोटांनीच काम केलंय." मी उठले. सकाळची नोंद शोधली, सून आत गेली नव्हती हे दोघांनाही दाखवलं, सोबत्याचा फॉर्म भरून घेतला, आजोबांना पडद्यापर्यंत नेलं. पंचवीस मिनिटं गेली असतील. रांग मात्र थांबली नाही, कारकून पत्रिका देतच होता.

संध्याकाळी हिशेब जुळला. सहाशे बारा पत्रिका दिल्या, सहाशे बारा शिक्के यादीवर. पेटीला लाख लावली, सगळ्यांनी सह्या केल्या. जाताना धाकटा म्हणाला, "बाई, तुम्ही होता म्हणून निभावलं."

दुसऱ्या दिवशीची सकाळ तुझ्या डोळ्यांदेखत घडली, पण माझ्या बाजूनं ती कशी होती ते तुला ठाऊक नाही. दहाला फोन आला, ताबडतोब या. मतमोजणीच्या हॉलमध्ये निवडणूक अधिकारी उभे होते, घसा बसलेला, रात्रभर झोपले नसावेत. त्यांच्यापुढे चौतीस पत्रिका पालथ्या मांडलेल्या. एकाही पाठीवर काही नव्हतं. ते म्हणाले, "बाई, या तुमच्या पेटीतल्या. तुमच्या हातून सही राहून गेली असेल तर तसं दोन ओळींत लिहून द्या. मी ही मतं मोजतो, मतदाराचा त्यात काय दोष. पण तुम्ही सगळ्यांवर सही केली असेल, तर या बाहेरून आल्या. मग बाद." दोरीपलीकडे तू उभी होतीस, तुझ्या खांद्यामागं धाकटा. या बाजूला सिमेंटवाला, रुमालानं मान पुसत. मी म्हणाले, माझ्या केंद्रावर दिलेल्या प्रत्येक पत्रिकेवर मी सही केली आहे. त्यांनी विचारलं, "नक्की?" मी म्हणाले, नक्की. त्यांनी माझी केंद्राची डायरी उघडली. विशेष घटना या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलं होतं, निरंक, म्हणजे काहीच घडलं नाही. त्यांनी चौतीस पत्रिका वेगळ्या लिफाफ्यात घातल्या.

सिमेंटवाल्याला एक हजार चारशे अठरा, तुला एक हजार चारशे सहा. बाद झालेल्या चौतिसांत अठ्ठावीस तुझ्या होत्या, पाच त्याच्या, एकीवर दोन शिक्के. ही वजाबाकी तू केलीच असशील. मी रोज करते. दर वेळी अकरा मतांनी तू निवडून येतेस.

पुढचं सगळं भराभर झालं. बोगस पत्रिका हा शब्द आधी चौकात आला, मग छापून आला. भाच्यानं तक्रार दिली की धाकट्यानं आंधळ्या म्हाताऱ्यावरून भांडण मुद्दाम उकरून काढलं, आणि त्या गडबडीत त्याच्या माणसांनी सहीच्या पत्रिका खिशात घालून घरी छापलेल्या पेटीत टाकल्या. मोजल्या तर आकडा तोच राहणार, म्हणून कुणाला कळलं नाही. ऐकायला किती चोख वाटतं. चौकशीला त्याला दोनदा बोलावलं, दिवसदिवस बाकड्यावर बसवून ठेवलं. नव्या मंडळाच्या पहिल्याच बैठकीत दवाखान्याचा ठराव झाला. सोमवारी मी त्या गल्लीतून गेले तेव्हा तपासणीचं टेबल टेम्पोत चढवत होते, लहान मुलांचा वजनकाटा फुटपाथवर उलटा पडला होता.

पण मला तुझ्याशी बोलायचं आहे ते निकालानंतरच्या दुपारबद्दल. तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलीस. मला वाटलं होतं तू रडशील. तू शांत होतीस. म्हणालीस, "तुझ्यामुळे खरं काय ते कळलं तरी. तू सही केली म्हणालीस म्हणजे केली. मग उरलं कोण? माझाच ना." मी चहा गाळत होते, कप भरून वाहायला लागला तरी गाळत राहिले. तू सांगितलंस की धाकट्याला तू समोर उभं केलंस. तो म्हणाला, ताई, मी काही केलेलं नाही. तू म्हणालीस, मग बाई खोटं बोलतात का? मग त्याला म्हणालीस, ज्या दवाखान्यासाठी मी नोकरी सोडली त्याच्या नावावर तू चोरी केलीस, पुन्हा माझ्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नकोस. आठ वर्षांचा होता तो तुमची आई गेली तेव्हा. तू त्याला शाळेत माझ्या हाती सोपवायला आली होतीस, त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण पिनेनं लावून. ते तू विसरली असशील असं मला वाटत नाही. तरी तू त्याला बाहेर काढलंस, कारण मी नक्की म्हणाले होते.

परवा तुझी भावजय शाळेत आली. पोरगी कडेवर, नळापाशी उभी राहून तिनं शाळा सुटायची वाट पाहिली. मला म्हणाली, "बाई, मी काही मागायला आले नाही. फक्त एकदा आठवून बघा. घड्याळजी आले तेव्हा तुम्ही जागेवरून उठला होता ना?" मग म्हणाली, "ह्यांना सांगू नका मी आले म्हणून. ते म्हणतात, बाईंना विचारायचं नाही, त्यांना उगाच त्रास होईल. ते म्हणतात, आपल्यातल्याच कुणी केलं असणार, मी शोधून काढतो." म्हणजे बघ, दांडगे, तोही माझ्यावर विश्वास ठेवून आपल्या मित्रांवर संशय घेत बसला होता.

मला आठवून बघायची गरजच नव्हती. त्या दुपारी आजोबांना पडद्यामागून परत आणून मी जागेवर बसले, तेव्हा कारकुनाच्या हातात नवं पुस्तक होतं. माझ्या टेबलावरून त्यानंच उचललं होतं. मी ते ओढून घेतलं आणि पालथं केलं. सोळा उरल्या होत्या, सोळाही कोऱ्या. तो म्हणाला, "मला वाटलं तुम्ही सह्या करून ठेवल्यात. रांग बघा ना बाई." मी रांग बघितली. त्यानं हळूच विचारलं, "आता काय पेटी फोडायची का?" मी त्या सोळांवर सह्या केल्या आणि पुस्तक त्याच्याकडे परत सरकवलं. पुढच्या बाईनं पत्रिका घेतली. पन्नासातून सोळा गेले तर किती उरतात हे मला तेव्हाही येत होतं.

डायरीतला तो रकाना अशाच गोष्टींसाठी असतो. दोन ओळी लिहायच्या, अमुक वाजता, अमुक कारणानं, इतक्या पत्रिका सहीशिवाय गेल्या. लिहिल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी कुणी मला फोनसुद्धा केला नसता, सरळ मोजल्या असत्या. संध्याकाळी पेन हातात घेऊन मी बसले होते. मला आमचे चित्रकलेचे सर आठवले. मागच्या खेपेला त्यांनी पेटीची लाख तडकल्याचं प्रामाणिकपणे लिहिलं आणि चौदा महिने निलंबित राहिले. मुख्याध्यापिकेची जागा जूनमध्ये रिकामी होते, तेही आठवलं. पण ही कारणं मी नंतर गोळा केली असं मला आता वाटतं. तेव्हा मला फक्त ती ओळ माझ्या अक्षरात लिहिलेली दिसत होती, आणि ती मला बघवेना. मला वाटलं, एवढ्या हजारो कागदांत पाठी कोण बघतंय. मी निरंक लिहिलं. छान अक्षरात लिहिलं.

आणि सकाळी त्या अधिकाऱ्यांनी मला दुसरी संधी दिली. त्या माणसाला मला अडकवायचं नव्हतं गं, त्याला ती मतं मोजायची होती. पत्रिका बघितल्या बघितल्या मला ते पुस्तक आठवलं. नक्की म्हणण्याआधी आठवलं, नंतर नाही. एवढं तू नीट वाच, कारण यानंतर लोक तुला सांगतील की बिचारीच्या लक्षात राहिलं नसेल. मी नक्की म्हणाले तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. तुझी निवडणूक हातची जात होती आणि तुझ्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलचा अभिमान होता.

काल मी धाकट्याकडे गेले. बसस्टँडच्या पलीकडं एका गोदामात खोकी बांधायचं काम करतो, तिथंच मागे झोपतो. बायकोपोरीला माहेरी ठेवलंय. मला खोक्यावर बसवलं, स्वतः उभाच राहिला. मी सगळं सांगितलं, तुला आत्ता सांगितलं त्याच क्रमानं. तो चिकटपट्टीचा रोल हातात फिरवत होता. तो ओरडेल, निदान काहीतरी बोलेल, म्हणून मी थांबले. रोल खोक्यावर ठेवून त्यानं विचारलं, "ताईला सांगितलंत?" मी नाही म्हणाले. मग म्हणाला, "त्या पाणीवाल्या कारकुनाला त्रास होईल का? त्याला दोन पोरं आहेत." मी सांगितलं, सही करायचं काम एकट्या माझं होतं, तसंच लिहिते आहे. त्यावर त्यानं मान हलवली. मला वाटतं, त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, आणि म्हणूनच त्यानं त्या दिल्या नाहीत असं नाही. त्याला त्या सुचल्याच नाहीत. तो माझ्यापेक्षा चांगला आहे, एवढंच.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. निकालाविरुद्ध न्यायालयात जायची मुदत उद्या संध्याकाळी पाचला संपते. सोबत माझा जबाब आहे, चार पानं, वकिलासमोर शपथेवर केलेला. त्याची एक प्रत आज सकाळी मी निवडणूक कार्यालयात दिली आणि एक शिक्षण खात्यात, म्हणजे आता मला मागं फिरता येणार नाही. वकील म्हणतात, तो लिफाफा न्यायालयाला उघडायला लावता येईल, पण खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि वर्ष दोन वर्षं जातील. दवाखान्याचं कुलूप त्यानं निघेल असं मी म्हणत नाही. माझं जे व्हायचं ते होईल, लेकीला मी सांगून ठेवलंय. तुझ्याकडे क्षमा मागत नाही, ती मागितली तर तू देशील, आणि तुला आणखी एक काम होईल. मी स्वतः आले नाही तेही याचसाठी. मी दारात उभी राहिले असते तर तू आधी माझी नाडी धरली असतीस. हे पत्र मी धाकट्याकडे देणार आहे. काल विचारलं तेव्हा तो आणायला तयार नव्हता, ताईनं उंबऱ्याच्या आत येऊ नको म्हटलंय म्हणाला. मी म्हटलं, आत जाऊ नकोस, दाराखालून सरकव, बेल वाजव आणि पायरीच्या खाली उभा राहा. तू वाचत असताना तो तिथंच होता. दार उघड.

तुझीच,
बाई